आईच्या कानातला आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हट्टी मुलाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, असं माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं तर तिनं आधी सांगणाऱ्याचीच नजर उतरवली असती. मूल ऐकत नाही, आदळआपट करतं, धाकट्याला चावतं, यावर तिच्याकडे ठरलेले उपाय होते. मीठ-मिरच्या, ताईत, दर्ग्यावरून आणलेला धागा आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर पाठीत धपाटा. शेजारच्या काकूंकडे धाग्याच्या जागी मारुतीचा अंगारा असे. धपाटा मात्र दोन्ही घरांत सारखाच.

या धपाट्याच्या जागी दुसरं काय ठेवता येईल, या प्रश्नाचा पाठलाग जगात गेली शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे. त्याचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. हा इतिहास माणसांचा आहे, तितकाच खोल्यांचा आहे. मूल कुठल्या खोलीत, आई कुठल्या खोलीत आणि डॉक्टर कुठल्या खोलीत, हे पाहिलं की त्या त्या काळात दोष कुणाचा मानला जात होता ते कळतं. आणि खोली म्हणजे काय, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही.

पहिली गोष्ट व्हिएन्नाची, १९०८ सालची. पाच वर्षांचा एक मुलगा घोड्यांना इतका घाबरू लागला की घराबाहेर पडेना. आणि रस्त्यावर तर तेव्हा घोडागाड्याच. मुलाचे वडील माक्स ग्राफ हे संगीत समीक्षक होते आणि सिग्मंड फ्रॉइडच्या बैठकीतले होते. मुलावर उपचार केले ते वडिलांनीच. मुलाशी बोलायचं, ते टिपून ठेवायचं, फ्रॉइडला कळवायचं, त्याचा सल्ला घ्यायचा. या सगळ्या काळात फ्रॉइडनं मुलाला उपचारासाठी प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच. १९०९ साली ‘छोटा हान्स’ या नावानं ही हकिगत प्रसिद्ध झाली आणि गाजली. घोड्याच्या भीतीचा फ्रॉइडनं जो अर्थ लावला तो आता फार जणांना पटत नाही, मलाही पटत नाही. पण लहान मुलाच्या मानसोपचाराच्या या पहिल्या गाजलेल्या नोंदीत डॉक्टर दूर आहे आणि बाप मुलाजवळ आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कारण पुढची पन्नासेक वर्षं नेमकं याच्या उलट घडलं.

त्याच १९०९ साली अमेरिकेत शिकागोला विल्यम हीली या डॉक्टरनं बालन्यायालयाच्या सोबतीनं मुलांच्या तपासणीची संस्था सुरू केली. चोरी करणारं, पळून जाणारं, मारामारी करणारं मूल जन्मतः वाईट नसतं, त्याच्या वागण्याला कारण असतं, ते शोधलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. १९२०च्या दशकात त्यातून ‘बालमार्गदर्शन केंद्रां’ची चळवळच उभी राहिली. या केंद्रांची एक ठरलेली घडण असे. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे तिघे. मूल एका खोलीत डॉक्टरांसमोर. आई शेजारच्या खोलीत समाजकार्यकर्तीसमोर. मधे भिंत.

ही चळवळ मुंबईत यायला फार वेळ लागला नाही. मुंबई सरकारनं मुलांसाठी कायदा केला तो १९२४ साली. १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन पाद्र्यानं नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केलं. नागपाडा म्हणजे तेव्हा मुसलमान, बगदादी ज्यू, ख्रिस्ती, गिरणीत आणि गोदीत राबणारे हिंदू अशा सगळ्यांची दाटी. या वस्तीत बसूनच मॅन्शार्टनी समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेचा आराखडा मांडला आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यात सुरू झालं. आज देवनारला आहे ती टाटा समाजविज्ञान संस्था हीच. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, संस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं ते पहिलं मानलं जातं. त्यानंतरच्या वर्षी डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. म्हणजे ज्या शहरात वेड्यांचं इस्पितळ हा शब्द ऐकूनच माणसं कानावर हात ठेवत, तिथं दोन वर्षांत दोन दारं उघडली.

या केंद्रांचं मोल मी कमी लेखणार नाही. ‘वाईट पोर’ हा शिक्का त्यांनी पुसला. घरी जाऊन चौकशी करायची, शाळेत जाऊन विचारायचं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. पण शिक्का पुसला म्हणजे नाहीसा झाला असं नव्हे, तो सरकून आईच्या कपाळावर गेला. शेजारच्या खोलीत बसलेली आई हळूहळू आरोपी झाली. आईनं फार लाड केले म्हणून, आईनं पुरेसे लाड केले नाहीत म्हणून, आई नोकरी करते म्हणून, आई घरीच बसते म्हणून. १९४०च्या दशकात तर आईचा मनाचा गारठा हेच स्वमग्नतेचं कारण असल्याची भाषा सुरू झाली आणि ती पुरी वीस-पंचवीस वर्षं टिकली. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या बापानं, जो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता, पुस्तक लिहून ती खोडून काढली. तोवर किती आयांनी स्वतःला दोष देत रात्री काढल्या असतील याचा हिशेब कोण ठेवणार?

नागपाड्यात हे चाललं असताना तिथून काही मैलांवर दादरला दुसरंच काही घडत होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून मुंबईत आल्या आणि १९३६च्याच सुमारास त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील. मुलाला मारायचं नाही, भीती दाखवायची नाही, लालूच दाखवायची नाही, हे त्यांनी शंभर तऱ्हांनी सांगितलं. ताराबाईंनी ते मराठी घरात आणलं. मुलांसोबत पालकांनाही शिकवलं पाहिजे, हे त्यांना पक्कं कळलं होतं, म्हणून ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून चालवली. मुलाचं काम आधी नीट बघा, लगेच हात घालू नका, हे मोठ्यांना सांगणं त्या काळात सोपं नव्हतं. ज्या समाजात १९३५ साली ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झालं आणि घराघरात गेलं, त्या समाजाला आईच्या हातातली काठी आणि त्याच आईच्या डोळ्यातलं पाणी ही एकाच प्रेमाची दोन रूपं वाटत होती. बहुतेकांना अजूनही वाटतात.

ताराबाईंचा धागा तुटला नाही. पुण्यात १९८७ साली ‘पालकनीती’ मासिक निघालं. शोभा भागवतांनी गरवारे बालभवनात आणि लेखनातून पालकांशी बोलणं चालू ठेवलं. मराठी पालकांना मुलांबद्दल चांगलं वाचायला मिळालं नाही, असं कुणी म्हणू नये. अडचण वेगळी आहे. लेख आपण रविवारी सकाळी वाचतो, आणि मूल गुरुवारी संध्याकाळी किराणा दुकानासमोर रस्त्यावर लोळण घेतं. त्या क्षणी लेखातलं एक वाक्यही आठवत नाही. आठवतो तो आपल्या बापाचा हात.

ही अडचण ज्या बाईनं नेमकी हेरली तिचं नाव कॉन्स्टन्स हॅन्फ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं गाव आहे. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६०च्या दशकात हॅन्फबाई अपंग मुलांच्या आयांबरोबर काम करत होत्या. त्यांनी खोल्यांची अदलाबदल केली. आई आणि मूल एका खोलीत, खेळण्यांसह. डॉक्टर शेजारच्या खोलीत. मधल्या भिंतीत काच, जी आईच्या बाजूनं आरसा दिसते आणि डॉक्टरच्या बाजूनं खिडकी. आईच्या कानात छोटं श्रवणयंत्र. डॉक्टर पलीकडून हळू आवाजात सांगणार, आई अलीकडे ते लगेच करणार. मुलाला त्यातलं काही ऐकू येत नाही. त्याला दिसते ती फक्त आई. १९६९ साली हॅन्फबाईंनी ही दोन टप्प्यांची पद्धत एका परिषदेत मांडली. स्वतः त्यांनी फारसं लिहिलं नाही, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढं निरनिराळ्या शाखा काढल्या. त्यातली एक शीला आयबर्ग. त्यांनी १९७०च्या दशकात या पद्धतीला आजचा आकार दिला. पालक-बालक परस्परसंवाद उपचार, इंग्रजी आद्याक्षरांनी पीसीआयटी. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी तो मुख्यतः वापरतात.

या उपचारात घडतं काय? पहिला टप्पा खेळाचा. खेळ मुलाच्या मर्जीनं चालणार. आईनं तीन गोष्टी टाळायच्या: प्रश्न, हुकूम आणि टीका. करायच्या त्या अशा. मूल करतंय ते शब्दांत सांगायचं, मूल बोललं की त्याचं बोलणं आपल्या तोंडून परत म्हणायचं, त्याच्यासारखंच आपणही करायचं, आणि स्तुती करायची ती नेमकी. नुसतं ‘शाब्बास’ नव्हे. ‘तू खेळणं हळूच खाली ठेवलंस, मला आवडलं’ असं. ऐकायला हे सोपं वाटतं. आई सवयीनं विचारते, ‘हे काय बनवतोयस?’ कानात आवाज येतो, ‘प्रश्न नको, दिसतंय ते सांगा.’ आई अडखळते, मग म्हणते, ‘तू लाल ठोकळ्यावर निळा ठोकळा ठेवलास.’ कानात, ‘वा, बरोबर.’ पाच मिनिटांत दहा नेमक्या स्तुती, दहा वर्णनं, दहा वेळा मुलाचे शब्द परत म्हणणं, आणि प्रश्न-हुकूम-टीका मिळून तीनापेक्षा जास्त नाहीत, इथवर हात बसला की पुढचा टप्पा. घरीही रोज पाच मिनिटं हाच सराव. विश्वास बसत नसेल तर आज संध्याकाळी करून बघा. पाच मिनिटं मुलाला एकही प्रश्न न विचारता राहणं हे रोजा धरण्याहून अवघड आहे, असं मी दोन्हीच्या अनुभवावरून सांगतो.

दुसऱ्या टप्प्यात आईनं सांगायचं आणि मुलानं ऐकायचं. इथं आपल्या भाषेचा कस लागतो. ‘बसतोस का जरा?’ हा प्रश्न झाला, त्यावर ‘नाही’ म्हणायचा मुलाला हक्क आहे. ‘नीट वाग’ म्हणजे काय, ते बोलणाऱ्यालाही माहीत नसतं. ‘चल, आवरू या’ म्हणायचं आणि मग एकट्यानंच मूल आवरेल अशी अपेक्षा धरायची. त्यापेक्षा ‘इथं माझ्याजवळ बस’ हे सरळ, एक, आणि काय करायचं ते सांगणारं. ऐकलं तर लगेच कौतुक. नाही ऐकलं तर एकदा आधी सांगून थोडा वेळ खुर्चीवर गप्प बसवणं. आवाज चढवायचा नाही, लांबलचक व्याख्यान द्यायचं नाही. आणि हेही सांगितलं पाहिजे की सुरुवातीच्या काळात, खुर्चीवरून उठून पळणाऱ्या मुलाला हलकी चापट मारण्याची मुभा या पद्धतींतही होती. मग संशोधकांनी पडताळून पाहिलं, चापटीवाचूनही तेच साधतं असं दिसलं, आणि चापट गेली. ज्यांनी धपाट्याला पर्याय शोधला त्यांच्याही हातून धपाटा सुटायला काही वर्षं लागली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

हे लागू का पडतं, याचं उत्तर ओरेगनमध्येच जेराल्ड पॅटरसन यांनी शोधलं. घरोघर जाऊन त्यांनी भांडणं मोजली. मूल किंचाळतं, आई वैतागून मोबाइल हातात देते, मूल गप्प होतं. मूल शिकतं की किंचाळल्यावर मिळतं, आणि आई शिकते की दिल्यावर शांतता होते. दोघंही एकमेकांना शिकवतात, दोघांच्याही नकळत. मोबाइल माझा शब्द, पॅटरसनच्या काळात तो नव्हता. या चक्रात कुणी एक गुन्हेगार नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. म्हणूनच आईला शेजारच्या खोलीतून उठवून मुलाजवळ आणून बसवता आलं.

उर्दू शायरीत इस्लाह नावाची रीत आहे. शागिर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, उस्ताद एखादा शब्द बदलून देतो. मला वाटलं होतं, हा कानातला आवाज म्हणजे इस्लाहच. पण नाही. शेर कागदावर थांबून राहतो, मूल थांबत नाही. त्यापेक्षा गाण्याच्या तालमीशी हे जवळचं आहे, जिथं सूर हलला की गुरू तिथल्या तिथं, त्याच श्वासात सावरून देतो. आणि त्याहूनही जवळची आपली माहेरची बाळंतीण. पहिलं मूल झालं की मुलगी महिना-सव्वा महिना, आमच्यात चाळीस दिवस, म्हाताऱ्या बायकांच्या देखरेखीखाली. मान सांभाळ, हात असा घे, आता पाजू नको, आधी ढेकर काढ. बाळाला धरलेलं असतानाच हे कानावर पडत असे. मग अँटॉप हिलला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. केरळचा कारकून, उत्तर प्रदेशचा चपराशी, कोकणातला टंकलेखक, बदलीच्या कागदावर इथं आले. क्वार्टर मिळालं, आजी गावी राहिली. खाली कोकरी आगर आणि संगमनगरच्या खोल्यांतही तेच. चाळीस दिवस संपले की ती मुलगी परत येते ती थेट दार बंद केलेल्या घरात, आणि मूल खरा हट्ट सुरू करतं ते दोन वर्षांनी, जेव्हा तिच्या कानाशी कुणीच नसतं. असलंच, तर ‘तुझ्या लाडानं बिघडलाय’ एवढंच म्हणणारं. काचेपलीकडचा आवाज आजीपेक्षा वेगळा आहे तो इथं. आई काय चुकली हे तो क्वचितच सांगतो, बरोबर काय केलं ते पुन्हा पुन्हा सांगतो.

आणखी एक अडचण आपल्याकडचीच. स्तुतीचं आपल्याला भय आहे. मुलाचं तोंडावर कौतुक केलं तर दृष्ट लागते म्हणून आपण त्याच्या गालावर काजळाची तीट लावतो. मुसलमानाच्या घरात कौतुकाआधी माशाअल्ला म्हणतात, ते म्हटल्यावाचून कौतुक करणाऱ्याकडे आई संशयानं बघते. अशा घरात पाच मिनिटांत दहा स्तुती? पण विचार केल्यावर वाटतं, आपण ज्याला भितो ती ‘किती गोंडस, किती हुशार’ अशी अख्ख्या मुलाची स्तुती. ‘तू बहिणीला चेंडू दिलास’ याला कुणाची नजर लागणार?

हे सगळं लाडिक वाटत असेल तर एक आकडा सांगतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात ११० पालकांवर एक अभ्यास झाला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. हे मुलांना मारहाण केल्यावरून सरकारी यंत्रणेपर्यंत पोचलेले पालक होते. त्यातल्या काहींना नेहमीचे पालकवर्ग दिले, काहींना हा कानातल्या आवाजाचा उपचार. सुमारे सव्वादोन वर्षांत पालकवर्गातल्या ४९ टक्के पालकांविरुद्ध मारहाणीची पुन्हा तक्रार आली, उपचार घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांविरुद्ध. तिसरा एक गट होता, त्याला या उपचारासोबत इतर अडचणींसाठी जादा मदत दिली होती. त्याचा आकडा ३६ टक्के. जास्त मदत म्हणजे जास्त गुण, असंही सरळ नसतं. आपल्याकडे केंद्र सरकारनं २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी जाहीर केली. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्लेला होता, आणि घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते. शाळेतल्या छडीवर २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी घातली. घरातल्या हाताला असा कायदा नाही.

मग हे अँटॉप हिलला कसं यायचं? काच, आरसा, दोन खोल्या, दर आठवड्याला तासभर वेळ देणारा प्रशिक्षित माणूस, यातलं काय आहे आपल्याजवळ? सार्वजनिक रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलाच्या वाट्याला मिनिटं मोजून येतात. दहा बाय दहाच्या खोलीत वेगळी खुर्ची कुठली, वेगळा कोपरा कुठला. मूल रडलं की भिंतीपलीकडून ‘कशाला रडवतेस गं त्याला’ म्हणत शेजारीण येते आणि हातावर बिस्कीट ठेवते, की संपलाच दुसरा टप्पा.

पण काच अपरिहार्य नाही, हे आता कळलं आहे. अमेरिकेत जोनाथन कोमर आणि सहकाऱ्यांनी हाच उपचार इंटरनेटवरून, पालकांच्या स्वतःच्या घरात देऊन पाहिला. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते दवाखान्यातल्या उपचाराच्या तोडीस तोड होते. कोविडच्या काळात तर घरून उपचार हीच रीत झाली. इअरफोन आणि मोबाइल संगमनगरच्या खोलीतही आहेत. दुसरी वाट याहून जुनी आहे. अंगणवाडी ही कल्पना ताराबाईंनी बोर्डी-कोसबाडला रुजवली. १९७५ साली देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात पहिल्या खेपेला निवडलेल्या जागांत मेळघाटातलं धारणी होतं आणि इथून हाकेच्या अंतरावरची धारावी होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेनं युनिसेफ आणि राज्य सरकारसोबत ‘आरंभ’ नावाचा कार्यक्रम केला आहे. त्यात अंगणवाडी सेविका तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांना मुलाशी खेळायला, बोलायला शिकवतात, पालक मेळावे घेतात. तो हट्टी मुलांवरचा उपचार नव्हे. पण कुणीतरी आईच्या शेजारी बसतं, हा भाग त्यात आहे.

पोर्टलंडच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी सांगितली जात नाही. आईच्या कानात बोलणारा उपचारक नवीन असेल तर त्याच्या शेजारीही कुणीतरी जाणतं बसलेलं असतं, त्याचं बोलणं ऐकत, तिथल्या तिथं सावरून देत. आपल्या अंगणवाडीताईजवळ कुणी येऊन बसतं ते बहुतेक वेळा रजिस्टर तपासायला.